आरोपी क्रमांक तीन गैरहजर

पस्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या खुनातली कुऱ्हाड कुठल्या गावची, ते विचारलंत तर सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र कशातच मिसळलं नाही. ते डोक्यात आलं की मला बसवत नाही. चंद्रपूरच्या घरी उठून अंगणात फेऱ्या मारायला लागतो. बायको विचारते, "पुन्हा तेच?" मी हो म्हणतो.

नावं कुणाचीच लिहिणार नाही. गाव एटापल्लीच्या पलीकडचं, जंगलातलं, तीस-बत्तीस घरांचं, एवढं पुरे. माझं ठाणं तिथून बावीस किलोमीटरवर होतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि नवा फौजदारी कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. मोह पडायला लागला होता. फुलं पहाटे पडतात, म्हणून बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. त्या दिवशी गावातली एक बाई नाल्याच्या काठाने आपल्या झाडाकडे गेली ती परतलीच नाही. सकाळी तिच्या नवऱ्यालाच ती सापडली. रानडुकरासाठी कुणीतरी विजेच्या मोठ्या लाईनवर आकडा टाकून नाल्याकाठी उघडी तार ओढली होती. आमच्या भागात याला 'करंट लावणं' म्हणतात. बंदूक लागत नाही, आवाज होत नाही. डुक्कर मरतं, कधी बिबट मरतो, कधी माणूस.

मी पोचलो तेव्हा तार कुणीतरी काढून नेली होती. बाई होती, टोपली होती आणि गवतात जळाल्याची एक सरळ रेघ होती. पंचनामा लिहून होईपर्यंत नवरा माझ्यापाशी उभा होता. तो एकच बोलत होता, "तार कोनी लावली ते पाहा साहेब. बाकी मले काई नको."

आदल्या संध्याकाळी त्याने तीन माणसं नाल्याकडे जाताना पाहिली होती. दोघांना ओळखलं. तिसऱ्याची फक्त पाठ दिसली होती.

सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. तिसऱ्या दिवशी ठाण्यात बातमी आली. आणणारा त्याच गावचा, विजेचं बारीकसारीक काम करणारा. वीज खात्याचा लाईनमन महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. मधल्या काळात फ्यूज गेला, तार तुटली की हाच खांबावर चढायचा. अशा माणसाला इकडे झिरो वायरमन म्हणतात. आमच्या ठाण्याचे पंखेही तोच दुरुस्त करायचा. चहाचा कप खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठी येऊ देऊ नका. पन तार लावनारे तिघं होते. त्यातले दोघं गावातच आहेत. तिसरा पळाला."

दोघं म्हणजे नवऱ्याने ओळखलेलेच. तिसरा म्हणून त्याने ज्याचं नाव घेतलं, तो गावच्या टोकाला राहणारा तिशीतला गोंड शेतकरी. थोडी धानाची शेती, बाकी मोह आणि तेंदूपत्ता. आम्ही लगेच त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. गोठ्याच्या माळ्यावर तारेचं भेंडोळं सापडलं. मी त्याच्या बायकोला विचारलं, "कुठी लपला?"

ती म्हणाली, "लपला नाई. मिरची तोडाले गेला."

दरवर्षी या दिवसांत आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे खरं. पण 'मिरची तोडाले गेला' हे उत्तर मी नोकरीत शंभर वेळा ऐकलं असेल. ज्याला लपवायचं त्याच्या घरचे दुसरं काय सांगणार? हवालदाराने जबाबात लिहिलं, 'पतीचा ठावठिकाणा सांगत नाही.' तिने अंगठा उठवला.

गावातले दोघं ताब्यात घेतले आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. दुपारपर्यंत दोघंही नाही म्हणत राहिले. संध्याकाळी दोघंही बोलले. "आमी डुक्कर उचलाले गेलो होतो. आकडा त्यानं टाकला, तार त्यानं ओढली, सकाळी तो पळाला." मी खोली बदलली, तर तेच शब्द, त्याच क्रमाने.

इतकी वर्षं चौकशी केलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. खरं सांगणाऱ्या दोघांचं कधीच तंतोतंत जुळत नाही. एकाला खांब आठवतो, दुसऱ्याला पायात रुतलेला काटा. इथे शब्दाला शब्द जुळत होता. मला ते खटकलं, आणि तरी मी सोडून दिलं. बातमी होती, तार होती, कबुली होती, माणूस गायब होता. वरून रोज फोन येत होते. मेलेल्या बाईच्या नवऱ्याला बोलावून मी विचारलं, "तिसरा तोच होता ना?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "असन, साहेब." मी लिहिलं, 'तिसऱ्या इसमास साक्षीदाराने ओळखले.'

दोषारोपपत्र गेलं. आरोपी एक आणि दोन अटकेत, आरोपी तीन फरार.

पूर्वी असा आरोपी सापडला नाही की त्याच्यापुरता खटला थांबायचा. फाईल बासनात जायची. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत, ज्यांत आरोपी बारा वर्षांनी सापडला तेव्हा घटना डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार जिवंत नव्हता. नव्या कायद्याने हे बदललं. गंभीर गुन्ह्यातला आरोपी खटला टाळायला पळून गेला आणि कोर्टाने त्याला फरारी घोषित केलं, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. त्यासाठी अटी आहेत. महिन्याच्या अंतराने दोन वॉरंटं, वर्तमानपत्रात नोटीस, घराच्या दारावर आणि ठाण्यात नोटीस, नातेवाइकाला कल्पना, आरोप निश्चित झाल्यावर नव्वद दिवसांची मुदत, आणि आरोपीचा वकील नसेल तर सरकारी खर्चाने वकील.

आम्ही प्रत्येक अट पाळली. दोन्ही वॉरंटं 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत गेली. वर्तमानपत्रात नोटीस आली, पण त्या गावात वर्तमानपत्र येत नाही. पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते बंद झाले होते, तरी माझा हवालदार डोंग्यातून नाला ओलांडून गेला, दारावर कागद चिकटवला आणि तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. कागदावरची भाषा कोर्टाची. तिची भाषा गोंडी, मराठी कामापुरती. तिने मान हलवली. आम्ही लिहिलं, 'समजावून सांगितले.'

थंडीच्या सुरुवातीला सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. आरोपी नसताना साक्षी चित्रित कराव्या लागतात, म्हणून कॅमेरा लावला होता. पुकारा झाला, "आरोपी क्रमांक तीन?" शिपायाने दारातून तीनदा हाक दिली. पिंजऱ्यात दोघं उभे होते. तिसऱ्याच्या जागी कुणीच नव्हतं. पहिली साक्ष मेलेल्या बाईच्या नवऱ्याची झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, तिसरा कोण होता? त्याने नाव घेतलं. घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

पुढची तारीख माझ्या साक्षीची होती, तीन आठवड्यांनी. मी व्हरांड्यात आलो तर गैरहजर आरोपीसाठी नेमलेल्या वकील बाई समोर आल्या. तरुण होत्या, ब्रह्मपुरीकडच्या.

"सर, माझा अशील मी पाहिलेला नाही. त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. उलटतपासात मी विचारू काय? मला त्याच्या घरी जायचंय. रस्ता सांगाल?"

तपास अधिकाऱ्याने बचावाच्या वकिलाला गाव दाखवायला जायचं नसतं. पण त्या साक्षीपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी म्हणालो, "रस्ता सांगून सापडणार नाही, मॅडम. त्या बाजूला मला बीटवर जायचंच आहे. मागे या. मी अंगणाबाहेर थांबेन."

गावातल्या आशा वर्करला दुभाषी म्हणून बसवलं. मी कुंपणापाशी उभा राहिलो. वकील बाई ओसरीवर खाली बसल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा नवरा घरून कधी गेला?"

आशा वर्करने गोंडीत विचारलं. उत्तर ऐकून ती आमच्याकडे वळली. मग म्हणाली, "होळीच्या आधी गेला म्हणते. होळीला तो इथे नव्हताच."

बाई मेली ती होळीनंतर आठव्या दिवशी.

मी कुंपण ओलांडून आत गेलो. थांबायचं ठरलं होतं, ते लक्षातच राहिलं नाही. "मग तेव्हा काऊन नाई सांगितलं, बाई?"

तिने मान वर केली आणि मराठीत सरळ मला उत्तर दिलं. "तुमी इचारलं, कुठी लपला. मी म्हनलं, लपला नाई. तुमी लिहून घेतलं."

वकील बाईंनी विचारलं, "सोबत कोण होतं?"

"गाडी भरून लोक होते. शेजारची वैनी होती."

शेजारीण चूल सोडून आली. "हो, आमच्याच गाडीत होता. तिथी गेल्यावर काई दिवसांनी त्याले ताप आला. थंडी वाजून येये. दवाखान्यात टाकलं होतं त्याले."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कोनी इचारलं? तुमी गावात आले तेव्हा मी मिरचीतच होती."

ते खरं होतं. आम्ही गावातल्या सगळ्यांचे जबाब घेतले होते. गावात नसलेल्यांचे घेतले नव्हते. मे महिन्यात मजूर परतले, तोवर माझ्यापुरता तपास संपला होता.

"मग तो तुमच्यासोबत परत का नाही आला?"

"येऊन राह्यला होता ना. नदीच्या अल्याड गाडी थांबली. तिथी त्याले गावातून फोन आला, पोलीस तुले खुनात शोधून राह्यले म्हनून. तो म्हने, मले धरतील. आन उतरून गेला."

म्हणजे मी त्याला फरार लिहिलं तेव्हा तो फरार नव्हता. माझ्या लिहिण्याने तो फरार झाला.

दुसऱ्या दिवशी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार अधिकारी. त्यांनी ऐकून घेतलं. "दोषारोपपत्रावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"तुम्हाला तीन महिने राहिलेत. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. त्या वकील मॅडम मांडतील की हे सगळं कोर्टात."

"त्यांनी मांडलं तर तो बचाव होतो, साहेब. मी मांडलं तर तपास होतो."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अर्ज लिहून आणा." सरकारी वकिलांमार्फत कोर्टाची पुढील तपासाची परवानगी घेतली. माझी साक्ष पुढे गेली, पण खटला उभाच होता. रोज सकाळी उठलो की आधी तारीख मोजायचो.

सिरोंच्याकडचा तेलुगू जाणणारा एक शिपाई सोबत घेऊन नदीपलीकडे तेलंगणात गेलो. शेजारणीने सांगितलेलं गाव सापडलं, जवळचा सरकारी दवाखाना सापडला. तिथल्या नर्सने दोन तास रजिस्टरं उपसली. नाव वेडंवाकडं लिहिलेलं होतं, वय पाच वर्षांनी चुकलेलं होतं. आधार क्रमांक मात्र बरोबर होता. मलेरियाचा रुग्ण म्हणून तो बाईच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी दाखल झाला होता आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याला सोडलं होतं. बाई नाल्याकाठी मेली तेव्हा हा माणूस तिथून शेकडो किलोमीटरवर सलाईन लावून पडलेला होता. मी त्या पानाची प्रमाणित प्रत घेतली आणि बाहेर पायरीवर बसलो. शिपायाने विचारलं, "साहेब, बरं नाई वाटत काय?" मी पाणी मागितलं.

मजुरांच्या मुकादमांना विचारत फिरलो, तेव्हा चार दिवसांनी तो सापडला, त्याच भागातल्या कापसाच्या शेतात. दोघं जण कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होते. आम्ही बांधावर आलो तसा एक जण सरळ उभा राहिला. पळाला नाही. वाळला होता, दाढी वाढली होती.

"मी नाई मारलो," तो म्हणाला. "मी तिथी नव्हतो."

"माहीत आहे मले."

"मंग काऊन आले?"

"म्हणूनच आलो."

त्याचा विश्वास बसला नाही, आणि बसावा असं मी काही केलंही नव्हतं. वॉरंट होतं, त्यामुळे अटक करावीच लागली. हातकडी घातली नाही, तशी डायरीत नोंद केली. वाटेत जेवायला थांबलो तर तो भात पुढे घेऊन बसून राहिला. शेवटी त्याने विचारलं, "पोरगी चालते काय आता?" तो घरून निघाला तेव्हा ती रांगत होती. मी तिच्या घरी तीनदा गेलो होतो, पण पोरगी चालते की नाही ते मी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर जामिनावर असलेल्या दोघांतल्या धाकट्याला बोलावलं. या वेळी तार, आकडा, खांब यातलं काहीच विचारलं नाही. "तिसऱ्यानं त्या संध्याकाळी अंगात काय घातलं होतं?" तो म्हणाला, लाल बनियन. थोरल्याला विचारलं, तो म्हणाला, निळा शर्ट. धाकट्याला पुन्हा विचारलं, "येताना विडी कुणी दिली? पाणी कुणाच्या डब्यातलं प्यायले?" तो अडखळला. मी दवाखान्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं.

तो रडायला लागला. "नाव बदलून सांगा म्हने. तो मिरचीत गेला आहे, गेलेल्या मानसाले काय फरक पडते, म्हने."

"कोण म्हणे?"

"वायरमन."

मला तेव्हा कळलं, आणि हेही कळलं की हे आधीच कळायला हवं होतं. मोठ्या लाईनवर जिवंत आकडा टाकायचा तर हात सरावलेला लागतो. त्या गावात तसा हात एकच होता, आणि तो माझ्या ठाण्यात बसून चहा पीत होता. गोठ्यातली तारही त्यानेच नेऊन ठेवली होती. त्याच्या घरी लांब बांबूला बांधलेला आकडा मिळाला. ताब्यात घेतला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बातमी तर मीच देल्ली होती तुमाले." त्याला अजून वाटत होतं की त्याचा मला काही उपयोग आहे.

पुढच्या तारखेला आरोपी क्रमांक तीन पहिल्यांदा पिंजऱ्यात उभा राहिला. दवाखान्याची नोंद, शेजारणीचा जबाब, माझा पूरक अहवाल, सगळं दाखल झालं होतं. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं, त्याला काही सांगायचंय का?

तो म्हणाला, "मी इथी नव्हतो तेव्हा माझ्याबद्दल कोन काय काय बोललं, ते सारं मले सांगा."

सरकारी वकील म्हणाले, आता त्याची गरज नाही, आम्हीच याला वगळण्याचा अर्ज देतो आहोत. न्यायाधीश म्हणाले, "त्याचा हक्क आहे. वाचा."

दुभाष्याने बातमीवरून झालेली कारवाई वाचली, माझा पंचनामा वाचला, नोटिशीचा अहवाल वाचला, मग साक्ष वाचली. मराठीतून गोंडीत, एकेक वाक्य. दुपार सरली. 'समजावून सांगितले' आलं तेव्हा मी खाली बघितलं. मेलेल्या बाईच्या नवऱ्याने त्याचं नाव घेतल्याचं वाक्य आलं, तेव्हा त्याने वळून बाकावर बसलेल्या त्या नवऱ्याकडे पाहिलं. एका गावचे ते दोघं, लहानपणापासून ओळखणारे.

बाहेर आल्यावर नवरा त्याच्यापाशी गेला. मी चार पावलांवर होतो. तो म्हणाला, "मी पाठच पाह्यली होती, भाऊ. नाव साहेबानं सांगितलं."

हा म्हणाला, "तुयी बाई गेली होती. तुले कोनी तरी पायजे होता."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याची सुटका झाली. वायरमन आणि ते दोघं यांच्यावर खटला चालला, तिघं हजर असताना चालला, आणि शिक्षा झाली. माझ्यावर विभागीय चौकशी लागली, निवृत्तीच्या आठवड्यात लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती. पेन्शन सुरू झाली आहे.

आता मला कुणी विचारतं, आरोपी नसताना खटला चालवणं बरोबर आहे का? मी म्हणतो, हो. पळून जाणाऱ्याने मेलेल्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवावं, हे मला कधीच पटलं नाही. पण पोलीस चुकला तर समोर उभा असलेला आरोपी निदान ओरडतो. गैरहजर माणूस ओरडत नाही. त्याच्यावर दोष ढकलणं सगळ्यांना सोपं असतं, गुन्हेगाराला, साक्षीदाराला आणि सगळ्यांत जास्त तपास अधिकाऱ्याला. कायद्याने सांगितलेली प्रत्येक नोटीस मी लावली होती. त्याच्या बायकोला समजेल असा एक प्रश्न मात्र सात-आठ महिन्यांत विचारला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी कार्यभार देताना नव्या अधिकाऱ्याने फरारी आरोपींचं रजिस्टर उघडलं. एकोणीस नावं होती, बरीचशी माझ्याच अक्षरात. त्याने पानं उलटत विचारलं, "सर, हे सगळे पळालेले?"

मी सही करता करता थांबलो. त्यातले किती पळाले आणि किती नुसतेच गेले, हे मला सांगता आलं नाही.